खाडीतले घरमालक

आमचे घरमालक दर रविवारी सकाळी स्वतःच्याच घराची बेल वाजवून बाहेर उभे राहायचे. दार उघडलं की आधी दिसायचे ते पाण्याचे दोन निळे कॅन, मग प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पांढरा शर्ट, आणि मग ते. पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल लागलेला असायचा. तो खाली वॉचमनच्या नळावर धुऊन यायचे, पण खाडीचा चिखल एका पाण्यात जात नाही. घोट्यांभोवती एक काळपट रेघ राहायचीच. ती दिसली की ते पायपुसण्यावर बराच वेळ पाय घासत राहायचे.

"काका, किल्ली आहे ना तुमच्याकडे? सरळ उघडून यायचं," मी पहिल्या महिन्यात एकदा म्हटलं.

"तसा बरा दिसणा नाय. घर तुमचा आसा."

"घर तुमचंच आहे!"

"कागदार," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

त्यांची आंघोळ संपायचं नाव घ्यायची नाही. आतून पाण्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच आवाज नाही, मग पुन्हा पाणी. आठवडाभर बादलीतल्या तांब्या-दोन तांब्यांवर भागवलेल्या माणसाला गोड्या पाण्याचं काय अप्रूप असतं, ते आम्हाला हळूहळू कळलं. सुरुवातीला नितीन, म्हणजे माझा नवरा, वैतागायचा. "यार, रविवारी माणसाने स्वतःच्या बाथरूमला जायचं तर अपॉइंटमेंट घ्यायची का?" असं हळू आवाजात म्हणायचा. मग काका बाहेर यायचे, पांढराशुभ्र शर्ट, ओले केस नीट मागे बसवलेले, एखाद्या बँकेचे निवृत्त मॅनेजर वाटावेत असे, आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकून चहा प्यायचे. त्या खुर्चीच्या पुढे ते कधी आले नाहीत. बाथरूमला जाताना बेडरूमचं दार लागायचं, ते उघडं असलं तरी त्यांची मान तिकडे वळायची नाही.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा एजंट जिन्यातच थांबला होता.

"ओनर जरा वेगळाय," तो म्हणाला. "म्हणजे माणूस एक नंबर. फक्त एक अट आहे. दर रविवारी आंघोळीला येणार."

"आणि राहतात कुठे?" नितीनने विचारलं.

एजंटने खाडीच्या दिशेने हात केला. वर्सोव्याहून खाडी ओलांडली की मढ, तेव्हा आम्हाला वाटलं मढला राहत असतील.

"नाही ओ," एजंट म्हणाला, "मधेच."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

मी कुडाळची आहे हे कळल्यावर काकांनी पुढचं काही विचारलंच नाही. त्यांचं गाव देवगडकडचं, पण ते नावापुरतं. वडील गिरणीत होते, काका जन्मले आणि वाढले ते लालबागच्या चाळीत. मालवणी भाषा तेवढी गावाची राहिली होती, ती ते आमच्याशी बोलायचे, नितीनला समजो न समजो. सगळी नोकरी अंधेरीतल्या एका औषध कंपनीत झाली, पॅकिंग खात्यात. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात जाताना बघायच्या, हे काम. समुद्राशी संबंध आला असेल तर जुहूला भेळ खाण्यापुरता. पोहतासुद्धा येत नव्हतं.

"पोहता येत नाही आणि बोटीत राहता?" नितीन एकदा न राहवून म्हणाला.

"मी बोटीत रवतंय," काका म्हणाले. "पाण्यात नाय."

बोटीत का राहतात याच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या वेगळ्या गोष्टी होत्या. सेक्रेटरींच्या मते त्यांच्या मुलीने, मनीषाने, घर नावावर करून घेऊन बापाला बाहेर काढलं होतं. मग भाडेकरार काकांच्या नावाने कसा, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्यात पण काहीतरी असेल." दुसऱ्या मजल्यावरच्या बाई सांगायच्या की त्यांना कुणीतरी पाण्यावर राहायचा उपाय सांगितलाय. काकांना थेट विचारलं तर ते स्वतःही दर वेळी वेगळं सांगायचे. नितीनला म्हणाले, हवा चांगली असते. सुकतीच्या वेळी पाणी उतरलं की खाडीला जो वास सुटतो तो आमच्या गॅलरीपर्यंत यायचा, त्यामुळे हे काही पटण्यासारखं नव्हतं. वॉचमनला सांगितलं होतं, तिथे डास नाहीत. हे तर साफ खोटं. त्यांच्या हातापायांवर पुरळ असायचं.

त्यांचं घड्याळ भरती-सुकतीवर चालायचं. गिझर दुरुस्त करणारा माणूस कधी पाठवू म्हटलं तर म्हणायचे, "मंगळवारी सुकती झाली की येतंय." रविवारी कधी सकाळी लवकर यायचे, कधी दुपार व्हायची. पाणी असलं तर कुणाच्या तरी छोट्या होडीतून धक्क्यावर, नसलं तर चिखलातून चालत. बोटीवर मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यांत त्यांनी माती घालून टोमॅटो लावले होते. रोपं हातभर वाढायची, पिवळी फुलं यायची, मग खारा वारा लागून एका आठवड्यात करपून जायची. दर वर्षी पुन्हा लावायचे. "औंदा लागतीत," म्हणायचे. त्यांच्या टोमॅटोची भाजी करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

एकदा दोन रविवार ते आलेच नाहीत. फोन बंद. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी डब्यात पेज आणि लोणचं घेऊन कोळीवाड्यात गेले. हिरामावशी मासळीची टोपली धूत बसल्या होत्या. काकांची बोट मूळची त्यांच्या घरची. मुलांनी मोठी नवी बोट घेतल्यावर जुनी तोडायला काढली होती, ती काकांनी घेतली. इंजिन काढून टाकलेलं होतं, त्यामुळे ती कुठे जाण्यातली नव्हती. जागच्या जागी दिवसातून दोनदा पाण्यावर यायची आणि दोनदा चिखलात बसायची.

"ताप हाय म्हाताऱ्याला," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात चल बोलले, आयकत नाय. तू सांग. तुझी भाषा कळंल त्याला."

त्यांनीच मला होडीतून नेलं. बोटीवर चढताना मी हाताला लागेल ते धरत होते. मागच्या बाजूला फळ्यांची एक केबिन, जेमतेम एक माणूस पाय पसरेल एवढी. आत अंथरूण, स्टोव्ह, दोरीवर हँगरला लावलेले तीन पांढरे शर्ट, त्यांच्यावर प्लास्टिक. आणि एक भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावर भरतीच्या वेळा. काका पडून होते. मला बघून उठून बसायला लागले, त्यांना आधी शर्ट घालायचा होता.

पेज प्यायले. गोळी घेतली. मी म्हटलं, घरी चला, बरं वाटेपर्यंत हॉलमध्ये झोपा, आम्हाला काही त्रास नाही. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. खालून कुठून तरी एक हलका धक्का बसला, फळ्या कुरकुरल्या आणि डब्यातला चमचा वाजला.

"आयकलंस?" ते म्हणाले. "उठली ती."

पाणी भरत होतं. बोट चिखलातून सुटली होती.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं, एक बाजू गेली. आमच्या बेडरूममध्ये लोखंडी पलंगावर त्या कित्येक वर्षं होत्या. काका नोकरी सोडून घरी बसले. कूस बदलायची, भरवायचं, सगळं स्वच्छ करायचं. पलंगाखाली सतरंजी टाकून झोपायचे. बायकोला हाक मारता येत नव्हती, त्यामुळे श्वासावर कान ठेवून झोपायची सवय झाली. श्वास जरा घरघरला की हे उठून बसलेच. पुढे पुढे श्वास नीट चालू आहे हे झोपेतच कळायचं, आणि तेव्हाच काय ती गाढ झोप लागायची.

"ती गेली तेवा मी खाली केमिस्टाकडे गेल्लंय," ते म्हणाले. "वर इलंय तर खोली गप."

पुढचं ते केबिनच्या फळीकडे बघत बोलले. "पंखो चालू ठेवलंय, रेडिओ लावलंय, मनीषाकडे मुलुंडाक जावन ऱ्हवलंय. झोप येणाच नाय. डॉक्टरान गोळये दिल्यान. गोळयेन डोळे मिटतत, झोप येणा नाय. एकदा हयसर मासे घेवक इल्लंय. ह्या हिराबायच्या घोवान म्हटल्यान, बस बोटीर, चाय घे. बसलंय तो झोपलंय. सांज होयसर. तेणी माका उठवल्यान नाय. बोट गप नसता गो. कायतरी करीत असता. कोणतरी जिता आसा बाजूक, असा वाटता."

मी डबा धुतला. येताना मावशींनी विचारलं, "काय बोलला?" मी म्हटलं, बरे आहेत.

घरी येऊन बेडरूममध्ये केर काढताना मला फरशीवरचे ते चार डाग पहिल्यांदा नीट दिसले. गंजाचे, गोल. मी ते आधी कितीदा तरी पुसायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर नाही केला.

त्यांची मुलगी मनीषा मुलुंडला राहायची, शाळेत शिक्षिका होती. ती अधूनमधून आमच्याकडे यायची, बोटीवर मात्र कधीच नाही. धक्क्यापर्यंत जाऊन बापाच्या हातात पिशवी द्यायची, त्यात धुतलेल्या चादरी, चिवडा, बीपीच्या गोळ्या. आणि मग आमच्याकडे येऊन त्याच दाराजवळच्या खुर्चीवर बसून रडायची. तीही आत यायची नाही.

"मी काय कमी केलं सांग ना मला," ती म्हणायची. "वेगळी खोली दिली. एसी लावला. आई होती तेव्हा मला दर शनिवारी यायला जमलं, रोज नाही जमलं, मान्य आहे. माझी मुलं लहान होती. पण म्हणून हे असं? शाळेत मला विचारतात, तुझे वडील कुठे असतात. मी सांगते, गावाला."

"ते तुझ्यावर रागावून गेलेले नाहीत," मी म्हटलं.

"मग रागवायला तरी हवं होतं," ती म्हणाली. "राग कसा काढायचा ते कळतं माणसाला."

मी तिला झोपेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण पटलं नसावं. लाकडाच्या खोक्यात झोप येते आणि मुलीच्या घरात येत नाही, हे तिला दुसऱ्या कुठल्या अर्थाने घेताच येत नव्हतं.

तो व्हिडिओ आला तो त्या वर्षीच्या थंडीत. एक मुलगी मढच्या फेरीबोटीतून जाताना काकांना टोमॅटोंना पाणी घालताना बघून गेली, दुसऱ्या दिवशी होडी करून बोटीवर आली. चांगली मुलगी होती, हे मला आजही म्हणायचंय. काकांना नमस्कार केला, विचारून कॅमेरा काढला, त्यांनी दिलेला कोरा चहा प्यायली. बायकोचं ऐकून खरोखर रडली. काकांनी तिला टोमॅटोची रोपं दाखवली, मनीषाने दिलेला चिवडा बशीत घालून दिला. एवढं सगळं दीड मिनिटात बसवायचं तर काहीतरी कापावं लागतं. तिने कापलं, वर "मुंबईच्या खाडीत एकटे राहणारे आजोबा" असं लिहिलं आणि टाकलं.

दोन दिवसांत तो माझ्या ऑफिसमधल्या बाईंनी मला दाखवला. "बघ ना किती वाईट, रडू आलं मला," म्हणाल्या. तोपर्यंत कुणी कुणी तो उचलून आपापल्या पानांवर टाकला होता, खाली बासरीचं रडकं संगीत घालून. एकाने लिहिलं होतं, "पोटच्या मुलीने हाकललं". हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. खाली हजारो लोक बोलत होते. अशा मुलीला फटके मारले पाहिजेत. हिचा फोटो टाका. हिला पण म्हातारपण येईल. मग कुणीतरी खरंच तिचं नाव शोधून काढलं, शाळेचं नावही.

धक्क्यावर माणसं यायला लागली. ब्लँकेटं, बिस्किटांचे पुडे, केळी, एक नवीकोरी व्हीलचेअर. काका व्यवस्थित चालत होते. एका संस्थेची गाडी त्यांना घेऊन जायला आली. त्यांना काही समजेना. व्हिडिओ त्यांनी पाहिला नव्हता, त्यांच्या फोनवर तो दिसतही नव्हता. त्या रविवारी आले तेव्हा आंघोळीला न जाता खुर्चीवर बसून राहिले.

"ही माणसा माका कित्याक रडतत?" त्यांनी विचारलं.

नितीनने आपल्या फोनवर लावून दिलं. त्यांनी पूर्ण बघितलं. मग खाली लिहिलेलं वाचायला मागितलं. नितीन म्हणाला, जाऊ द्या काका. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. चष्मा पुसून त्यांनी बोटाने वर सरकवत सरकवत बरंच वाचलं.

"पण माका कोणी टाकूक नाय," ते म्हणाले. "मीच इलंय. ह्या लिवता येता हयसर?"

नितीनने त्यांच्यासमोर तसं लिहिलं. त्या गर्दीत ते एक वाक्य कुठे गेलं ते आम्हालाही पुन्हा सापडलं नाही. त्या मुलीला शोधून मी फोन केला. ती हादरली, रडली, माफी मागितली आणि आपला व्हिडिओ काढून टाकला. पण तिचा एकटीचा आता राहिला होता कुठे?

मनीषा शाळेत रजा टाकून घरी बसली. तिचा फोन तिच्या नवऱ्याने काढून घेतला होता.

आणि मग दोन साहेब आणि एक पोलीस आले. मासेमारीच्या बोटीवर कायम मुक्काम करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते काही वाईट बोलले नाहीत. त्यातल्या एकाने काकांच्या पाया पडून मग नोटीस दिली. त्यानेही व्हिडिओ बघितला होता.

"इतकी वर्सं कोनाला दिसला नाय," हिरामावशी म्हणाल्या. "मोबाइलमंदी दिसला, तर सगल्यांना दिसला."

काकांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालतील. मनीषाला तिच्या नवऱ्याच्या फोनवर गाठून म्हणाले, "बाय, माका न्हेवक ये." बस. ती धावत आली. मी त्या दिवशी अर्धी रजा घेऊन गेले होते, सामान उतरवायला. सामान म्हणजे तीन शर्ट, स्टोव्ह, कॅन. मनीषा पहिल्यांदाच बोटीवर चढली, चप्पल हातात घेऊन, साडी चिखलाने माखलेली. चढली ती रागाने. केबिनमध्ये डोकावून म्हणाली, "इथे? इथे राहत होता तुम्ही?"

"बस वायच," काका म्हणाले. "पाणी भरूंदे. मगे जावया."

ती टेकली. बरेच दिवस ती झोपलेली नव्हती हे तिच्या डोळ्यांखाली बघून कळत होतं. मी बाहेर काकांबरोबर खोकी रिकामी करत होते. टोमॅटोची माती त्यांनी मूठ मूठ करून पाण्यात सोडली. बोट उठली, हलायला लागली. मी आत वाकून पाहिलं तर मनीषा भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ झोपली होती. धक्क्यावर तिचा नवरा गाडीपाशी उभा राहून हात करत होता. मी तिला हलवायला गेले.

"उठव नको," काका म्हणाले.

ते दारात बसून राहिले, तिच्याकडे बघत. नवरा त्यांच्या फोनवर फोन करत होता, तो त्यांनी न घेता नुसता बाजूला ठेवला. पाणी चढलं, चढून थांबलं, आणि उतरायला लागलं तेव्हा ती जागी झाली. क्षणभर आपण कुठे आहोत हे तिला कळेना. मग बापाकडे बघून म्हणाली, "किती वेळ झोपले मी?"

"झोपलंस ना? झाला तर," ते म्हणाले.

उतरताना तिने त्यांचा हात धरला की त्यांनी तिचा, ते मला सांगता येणार नाही. दोघेही एकसारखेच धडपडत होते.

बोट नंतर वाळूवर ओढून तोडली. ते बघायला काका आले नाहीत आणि कुणी त्यांना सांगितलंही नाही.

मुलुंडच्या घरी ते बरंच वर, अकराव्या मजल्यावर राहायचे. मनीषाने त्यांच्या खोलीत स्वतःचं अंथरूण घातलं. पण ती कूस बदलली की ते उठून बसायचे, काय हवंय का विचारायचे. दोघांचीही झोप जायची. शेवटी त्यांनीच तिला आपल्या खोलीत जायला सांगितलं. मग ते बसने फिरायला लागले. सकाळी जेवून निघायचे, डेपोतून खिडकीची जागा पकडायची आणि बस जाईल तिथपर्यंत झोपत जायचं. दुसऱ्या टोकाला कंडक्टर उठवायचा. मग तीच बस परत. कंडक्टर ओळखीचे झाले होते, काही जण उठवायचेही नाहीत.

मी एकदा ऑफिसच्या कामाने घाटकोपरला गेले होते. सिग्नलला रिक्षा थांबली आणि शेजारी बस येऊन उभी राहिली. खिडकीत मनीषा. शाळेच्या साडीत, मांडीवर वह्यांची पिशवी, पाठ अगदी ताठ. खांद्यावर काकांचं डोकं. पांढरा शर्ट. मी हात केला. तिने मला बघितलं, पण हात हलवला नाही, खांदा हलला असता. नुसती पापणी मिटून ओळख दिली. बस मुलुंडहून उलट्या दिशेला चालली होती. शाळा सुटल्यावर ती बापाला गाठून अशी बसायची, हे मला नंतर कळलं. घरी स्वयंपाकाला उशीर व्हायचा, त्यावरून कुरबुरी व्हायच्या. पण तिने ते सोडलं नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटलमध्ये चार-पाच दिवस होते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती आणि शेजारचं मशीन सारखं टिकटिकत होतं. मनीषा म्हणाली, या आवाजात त्यांना इतकी छान झोप लागते, डॉक्टरांना सांगितलं तर हसले. मला हसू आलं नाही. दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन आला.

तेराव्यानंतर मी मुलुंडला गेले. घरात पाहुणे निघून गेले होते. मनीषाने चहा केला आणि आम्ही काकांच्या खोलीत बसलो. तिचा फोन पलंगावर पडला होता. मी सहज विचारलं, तो व्हिडिओ अजून आहे का गं कुठे? नितीनच्या ओळखीचा एक जण आहे, तक्रार करून काढून टाकता येतो म्हणतो.

"नको," ती म्हणाली.

"लोक अजून लिहितात खाली?"

"लिहितात ना. परवा मी लिहिलं, बाबा गेले म्हणून. त्याच्या खाली पण लिहिलंय लोकांनी." फोन उचलून तिने व्हिडिओ लावला. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तिने तळहात ठेवला, लिहिलेलं दिसू नये म्हणून. वर काका होते, हातात पातेलं, वाऱ्याने शर्ट फुगलेला. "चाय घेतंस? दूध नाय हां, कोरी," ते म्हणत होते आणि हसत होते. वरून बासरी वाजत होती.

"आमच्याकडे त्यांचा एक पण व्हिडिओ नाही," मनीषा म्हणाली. "फोटो आहेत, लग्नातले वगैरे. बोलतानाचं काहीच नाही. कधी सुचलंच नाही गं कुणाला."

व्हिडिओ संपला. तिने पुन्हा लावला. या वेळी बघितला नाही, फोन कानाला लावला आणि डोळे मिटून, बासरीच्या खालून येणारा तो आवाज ऐकत बसली.